आबांची भाडेपावती

ज्या घरात माझं बारसं झालं, त्याच घराचं भाडं मी सव्वा वर्षापासून दर महिन्याच्या पाच तारखेला भरतो आहे. घर लोणावळ्याजवळ औंढ्यात आहे आणि घरमालक माझे वडील आहेत.

मी तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ऑफिसने विचारलं, आयकर जुन्या पद्धतीने कापायचा की नव्या? मला असलं काही विचारलं की माझ्या अंगातच येतं. जाणकाराला फी कशाला द्यायची, म्हणून मी मोबाइलवर कर मोजायचं ॲप घेतलं. त्यात दोन चौकोन होते. नव्या पद्धतीत एकच ठोक वजावट, कागद एकही नाही. जुन्या पद्धतीत मात्र विमा, पोरीची शाळेची फी, घरभाडं अशी एकेक बाब दाखवून कर कमी करत न्यायचा. मी क्षणात जुनी निवडली. नव्यात कर्तबगारी दाखवायला जागाच कुठे होती! वाचणाऱ्या पैशांतून बायकोला, म्हणजे सुनीताला, वॉशिंग मशीन घ्यायचा शब्दही देऊन बसलो.

"खाली 'तुलना करून पाहा' असं बटण आहे, ते दाबा ना," सुनीता म्हणाली.

"ते ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी असतं."

विमा भरला, फी भरली. भाड्याच्या रकान्यात मात्र शून्य, कारण घर आबांच्या नावावर. तिथे माझं डोकं चाललं. (ते चाललं की घरातले बाकीचे सावध होतात.) भाडं वडिलांना दिलं तरी चालतं, असं ॲपच सांगत होतं. पावती तेवढी हवी. फक्त आमचे आबा रेल्वेतून निवृत्त झालेले बुकिंग क्लार्क आहेत, हे मी त्या भरात साफ विसरलो.

"आबा, दर महिन्याला भाड्याची एक पावती द्या. पैसे नुसते कागदावर."

आबांनी चष्मा काढला. "पस्तीस वर्सं खिडकीत बसलो. पैसं हातात पडल्याबिगर कागूद दिला न्हाई."

"अहो, मी मुलगा आहे तुमचा."

"माजा बापबी तिकीट काढूनच पुन्याला जायचा."

म्हणजे भाडं खरोखर देणं आलं. मी भीतभीत तीन हजार म्हणालो.

"लोनावळ्यात शनवार-रईवारचं काय घेत्यात, ठाव हाय? आनि हितं खिडकीतनं किल्ला दिसतोय. लोक तेवढ्याचंच येगळं लावत्यात."

किल्ल्यासकट भाडं बारा हजारांवर गेलं. तुम्हाला वाटेल मी हादरलो असेन. छे! भाडं जितकं जास्त तितकी वजावट जास्त, या हिशोबाने मी उलट हरखून गेलो. रीतसर करारनामाही मीच टाइप करून आणला आणि मोठ्या उत्साहाने त्यावर आबांची सही घेतली.

पहिल्याच महिन्यात कॅलेंडर लावायला खिळा ठोकत होतो, तर आबा दारात उभे. "मालकाला इचारलं का?" खिळा काढला, भोक बुजवलं. मग सासूबाई आठ दिवसांसाठी आल्या. आबांनी त्यांची तोंडभरून चौकशी केली, आग्रहाने चहा पाजला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पावण्यांचा मान हायच. पन करारात मानसं तीनच लिवल्यात." संध्याकाळी हेच मालक भाडेकरूच्या स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसत आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगत.

तरी मी बारा पावत्या नीट लावून ठेवल्या. यंदा जुलैत विवरणपत्र भरायला बसलो तेव्हा लग्नाला निघाल्यासारखा इस्त्रीचा शर्ट घातला होता. सुनीताने मशीनचा रंगसुद्धा ठरवला होता. मी पावत्या तारखेप्रमाणे लावत होतो, तेवढ्यात तिने ते खालचं बटण दाबलं.

जुनी पद्धत: कर बाकी होताच. नवी पद्धत: कर शून्य.

"म्हणजे पावत्या लागल्याच नसत्या?" तिने विचारलं.

"आता नवी निवडू. कापलेला कर परत येईल की," मी म्हणालो.

"आणि भाडं?"

परत येणारी रक्कम वर्षाच्या भाड्यापुढे ताटातल्या लोणच्याएवढी होती. सुनीताचं मशीन आबांच्या खात्यात जमा झालं होतं. मला खरंच रडू येत होतं.

तसाच उठून आबांकडे गेलो. "आबा, आता पावती नको. मागचे पैसे परत द्या आणि पुढचं भाडं बंद."

आबा पेपर वाचत होते. "परवास झाल्यावर तिकिटाचं पैसं माघारी मिळत न्हाईत."

"बरं, पुढचं तरी?"

"बंद कर की. खोल्या कवा खाली करतोस?" त्यांनी पान उलटलं. "जायच्या आदी एप्रिलपासनची धा टक्के वाढ तेवढी देऊन जा. ऱ्हायलीय."

मी धावत जाऊन करारनामा काढला. वाढीचं कलम होतं. करार खरा वाटावा म्हणून मीच घातलं होतं, तेही आबांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.