अननसाचा केक

आज ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता. अननसाच्या केकचा वास आला आणि इतक्या वर्षांनीही मी केक न घेताच जागेवर परतले.

तेव्हा मी लवळे गावाच्या टेकडीवरच्या संशोधन संस्थेत, साथ कशी पसरेल याचं गणित मांडणाऱ्या गटात होते. साथीतल्या मृत्यूंचा आमचा अंदाज तंतोतंत खरा ठरला, म्हणून आमच्या गटप्रमुख सरांनी असाच केक मागवला. पडद्यावर मृत्यूंचा आलेख तसाच ठेवून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

चहा घेऊन गावातल्या शांतामावशी आल्या. त्यांचा दीर त्याच साथीत गेला होता.

"कुनाचा वाढदिवस हाय?"

"आमचा अंदाज बरोबर आला, मावशी! तोंड गोड करा," सर म्हणाले.

मावशी पडद्याकडे बघत राहिल्या. "मंग आमचं भावजी बी धरल्यालं व्हतं का त्यात?"

"हो हो, सगळेच धरलेत," म्हणत सरांनी ओठांवरचं क्रीम चाटलं.