सकाळचा पहिला नंबर

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली टकळी म्हणायची. माप घेताना तोंड सुरू व्हायचं, ते शेवटचं बटण लागेपर्यंत. "टेपेपेक्षा तुझी जीभ लांब," नवरा म्हणायचा. तो शाळेत शिपाई, तोंडातून शब्द काढेल तर शपथ! घरातलं बोलायचं खातं त्याने बायकोवरच सोडलं होतं.

मग दुपार कलली की तिची उजवी पापणी पडू लागली. संध्याकाळी जीभ जड, शब्द नाकातून, घास घशात अडकलेला. झोपून उठली की पुन्हा ठणठणीत! गिऱ्हाइकं पाठीमागे म्हणायची, बाई पिते. मेल्यांच्या जिभेला काही हाड?

एका डॉक्टरने चष्मा दिला, दुसऱ्याने ताकदीच्या गोळ्या. तिसरा म्हणाला, मनावर घेऊ नका. त्याच्याकडची नर्स मात्र जिन्यापर्यंत मागे आली. "स्नायूंचा दुर्मीळ आजार वाटतोय. यातले मोठे डॉक्टर दुसऱ्या शहरात आहेत. त्यांनाच दाखवा."

त्या अबोल माणसाने फोनवर फोन केले, गयावया केली. सात महिन्यांनंतरची तारीख मिळाली, आणि तीही सकाळच्या पहिल्या नंबराची. केवढा हरखला तो!

परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरांना लवकर झोपवावं, हे शाळेत त्याने आयुष्यभर ऐकलेलं. दोन दिवस आधीच त्याने मशीनवर चादर टाकली. तिला पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नाही.

"अहो, मी काय लग्नातली नवरी आहे?"

"गप पड. एवढ्या मोठ्या डॉक्टरपुढे तुला धड बोलता आलं पाहिजे."

बोलली की! घडाघडा बोलली. डॉक्टरांनी हात दाबायला सांगितला, तर असा दाबला की ते हसले. पापणी जागच्या जागी.

"साहेब, संध्याकाळी होतं हो हिला," नवरा म्हणाला.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "बाई तर मलाच बोलू देत नाहीत. घरी काही ताण?" झोपेची गोळी लिहिली, वर तीन महिन्यांनी या म्हणाले. सात महिन्यांची वाट, आणि सात मिनिटांत बोळवण!

आठव्या दिवशी तिला श्वास घेता येईना. गावच्या दवाखान्यात घशात नळी घातली. तिथली तरुण डॉक्टरीण कागद वाचून चिडली. "दमल्याशिवाय हा आजार दिसतच नाही. त्यांना दमवून का नाही नेलंत?"

"मीच झोपवून नेलं," तो म्हणाला.

टकळी चार दिवस नुसती डोळ्यांनी बोलली. पाचव्या दिवशी तेही थांबलं.

तीन महिन्यांनी फोन वाजला. मोठ्या डॉक्टरांकडची मुलगी होती. "पेशंटची तारीख आलीय. सकाळचे नंबर भरलेत, संध्याकाळचा शिल्लक आहे. चालेल?"

चादर अजून मशीनवरच होती. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "तेव्हा चालला असता."