आडगावकडे सरकलेला पाऊस

पाऊस लहरी झाला, असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. वर्तमानपत्रात येतं, चहाच्या टपरीवर ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस जिलबी मोडता मोडता म्हणतो. लहरी माणसाचा नेम नसतो. नाशिकचा पाऊस तसा नाही. तो कुठून उठतो, कशाने उठतो आणि कोणाच्या वावरात सांडतो, हे मी सांगू शकतो. एका वर्षी तो ज्या वावरात सांडला, ते मी घेतलेलं होतं.

मी फुलांचा व्यापारी. व्यापारी हा शब्द नंतर चिकटला, सुरुवात डोक्यावरच्या पाटीने झाली. गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी भरणाऱ्या फुलबाजारात आधी दुसऱ्यांची ओझी वाहिली, मग हातगाडी लावली, मग स्वतःचा ओटा मिळवला. मला कोणी काही फुकट दिलं नाही, त्यामुळे कोणाला काही सोडून द्यायची सवय मला लागली नाही. भाव करताना माझा आवाज चढतो हे खरं आहे. समोरच्याचा चढू नये म्हणून चढतो.

झेंडूचा खरा धंदा दसऱ्याचा. नव्वदनंतर मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत शिरलो. खंडेनवमीला तिथे यंत्रांची पूजा होते. लेथ, प्रेस, ड्रिल, मालकाची स्कूटर, सगळ्यांना माळा लागतात. एकेक वर्कशॉप मी पायाने जोडलं. फोरमनच्या मुलीच्या लग्नाचे हार केले, मालकाच्या वडिलांच्या दहाव्याला फुलं पोचवली. पहिली ऑर्डर दिली ती एका पत्र्याच्या शेडमधल्या माणसाने, त्याच्याकडे तेव्हा एकच लेथ होता. त्याच्या ओळखीने शेजारची शेड मिळाली, तिच्या ओळखीने पलीकडची. तिथला कायदा साधा. नवमीच्या सकाळी पहिली पाळी यायच्या आत माळा दारात पाहिजेत. एकदा चुकलं की पुढच्या वर्षी तिथे दुसऱ्याचा टेम्पो उभा. बाजारात माझ्या वरच्या ओट्यावर बसणारा व्यापारी माझं कधी चुकतंय याचीच वाट पाहत होता.

दसऱ्याचा झेंडू आम्ही उक्ता घ्यायचो. म्हणजे फुलं झाडावर असतानाच अख्खं वावर फिरून बघायचं, सगळ्याची मिळून एकच रक्कम ठरवायची, आणि तोडा आपली माणसं लावून आपल्या वेळेला करायचा. रक्कम जुळली की हातावर हात देण्याआधी एक प्रश्न ठरलेला असे: पाऊस कोणाचा? सौदा झाल्यापासून तोडा होईपर्यंत पावसाने फुलं गेली तर कोणाची गेली, एवढाच त्याचा अर्थ. भिजलेला झेंडू म्हणजे कचरा. पाकळ्यांत पाणी साठतं, पाटीत भरला की आतून तापतो, सकाळपर्यंत काळा पडतो.

शहराच्या पश्चिमेला, मखमलाबादच्या बाजूला, हा प्रश्न अवघड होता. तो भाग डोंगराकडचा, हस्त नक्षत्रात हमखास भिजणारा. तिकडचा पाऊस कोणी व्यापारी अंगावर घेत नसे. पूर्वेला आडगावकडे मात्र पाऊस पोचेपर्यंत दमलेला असायचा. म्हणून आडगावला मी बेधडक म्हणायचो, पाऊस माझा, पण त्याबद्दल रक्कम खाली घे. शेतकऱ्याला वाटायचं आपली काळजी मिटली. मला न पडणाऱ्या पावसाची सूट मिळायची. कितीतरी वर्षं मी ती खाल्ली आणि चवीने खाल्ली. बाजारात हे सगळ्यांना माहीत होतं. त्याला धंदा म्हणतात.

मध्ये शहर वाढलं. मी रोज मोटारसायकलवर सातपूरहून आडगावला जायचो-यायचो, त्यामुळे ते मला अंगावर कळलं. पंचवटी सोडली की पूर्वी कोबीची वावरं आणि द्राक्षाचे मांडव लागायचे. संध्याकाळी तिथे एकदम गार हवेत शिरल्यासारखं व्हायचं, शर्टाची वरची गुंडी लावावी लागायची. मांडव गेले, तिथे इमारती उभ्या राहिल्या. रस्ता रुंद करताना कडेची झाडं गेली. मग त्याच ठिकाणी लोहाराच्या दुकानासमोरून जाताना येते तशी झळ यायला लागली. भाद्रपद संपता संपता दुपारी ओट्यावरून वर बघावं तर डोंगराकडे आभाळ मोकळं आणि शहराच्या डोक्यावर ढग कापसाच्या गठड्यांसारखे एकावर एक चढलेले. चारच्या सुमारास ते खालून काळे पडायचे आणि वाऱ्याबरोबर पूर्वेला जायचे. मी ते बघत होतो, पण ओट्यावर ताडपत्री टाकायची की नाही एवढ्यापुरतं. फुलं विकणाऱ्याने त्याहून जास्त आभाळ कशाला बघावं?

यामागचं कारण मला पुढे एका गिऱ्हाईक बाईंनी सांगितलं. त्या कॉलेजात भूगोल शिकवायच्या. डांबर, सिमेंट आणि पत्रा दिवसभर तापतो, त्यावरची हवा हलकी होऊन वर चढते, ओल असली की तिचा ढग होतो, आणि वारा त्याला शहराच्या पलीकडच्या अंगाला नेऊन सोडतो. जगातल्या पुष्कळ शहरांच्या बाबतीत हे दिसलंय म्हणाल्या.

"मग आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुम्ही भाव सोडून दुसरं काही बोलू देता का?" त्या म्हणाल्या. "आणि एका पावसावरून असं छातीठोक सांगता येत नाही. कित्येक वर्षांच्या नोंदी लागतात."

नोंदी त्यांना लागत असतील. मला एक पाऊस पुरला.

माझा साडू आडगावचा. बायकोची धाकटी बहीण त्याला दिलेली. गोड बोलणारा, आवाज कधी न चढवणारा माणूस. असल्या माणसांची मला मुळातच चीड आहे. दोन हजार साल उलटून गेल्यावरच्या एका वर्षी दसरा लवकर आला होता, ऐन हस्तात. वारा अजून पश्चिमेचाच होता. सौद्यासाठी मी आधी मखमलाबादला एका बाईंकडे गेलो. नवऱ्यामागे सगळं वावर त्याच बघत. फूल उत्तम होतं, पण त्या म्हणाल्या, "या वेळी पाऊस तुम्ही घ्या."

"तुमच्या बाजूचा पाऊस मी फुकटातसुद्धा घेणार नाही," मी म्हणालो.

"मग उठा," त्या म्हणाल्या आणि खुरपं उचललं.

तिथून तडक साडूकडे गेलो. आम्ही घरासमोरच्या बांधावर बसलो. मेहुणीने चहा आणला.

"दाजी, आलं घातलं नाही," ती म्हणाली. "तुमचं डोकं तसंही गरमच असतं."

साडू हसला. "साडूभाऊ, फूल कसं हाय ते बोला."

"फूल बरं आहे. तू रक्कम वेड्यासारखी सांगतोस."

"तुम्हाला जादा सांगून मी तुमच्या घरी जेवायला कुठल्या तोंडानं येऊ? बरं, पाऊस कोणाचा?"

हा प्रश्न नेहमी मी विचारायचो. त्या दिवशी त्याने विचारला.

"माझा," मी म्हणालो, "पण मग खाली ये."

"आलो," तो म्हणाला. मी मागितली तेवढी सूट त्याने एका शब्दात दिली. दर वर्षी त्या सुटीवरून आमचा अर्धा दिवस जायचा. मला वाटलं, नात्याची लाज वाटली असेल. मी हातावर हात दिला.

तोडा नवमीच्या आदल्या दिवशी पहाटे धरला होता. त्याच्याही आदल्या दुपारी मी सातपूरला माळा सांगून ठेवत फिरत होतो. तिथे धूळ उडत होती. एका फोरमनने पूर्वेकडे बोट दाखवलं, "तिकडं जोरात दिसतोय." मी गाडीला किक मारली. पंचवटीपर्यंत रस्ता कोरडा होता. इमारतींची शेवटची रांग संपली आणि तिथून रस्ता ओला लागला, एखाद्याने तिथूनच बादली ओतायला सुरुवात करावी तसा. आडगावला पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. वावर आडवं झालं होतं. एक फूल तोडून मुठीत दाबलं, तर पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

साडू बांधावर उभाच होता.

"तुला ठाऊक होतं," मी म्हणालो.

"काय?"

"इकडे आता पडतो ते."

"मी हितंच राहतो, साडूभाऊ. हस्तात सांजच्याला ढग शहरावरनं येतो आन हितं मोकळा होतो. गेली काही वर्सं असंच चाललंय. समद्या गावाला ठाऊक हाय."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"पाऊस पडत नाय हे ठाऊक असून तुम्ही वर्सानुवर्सं माझ्याकडनं सूट घेतली," तो म्हणाला. आवाज तसाच, गोड. "तवा तुम्ही मला सांगितलं होतं का?"

मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. मेहुणी दारात येऊन म्हणाली, "दाजी, हळू. शेजारी ऐकत्यात." मी म्हणालो, ऐकू दे, सगळ्या आडगावाला ऐकू दे. साडूला वाटतं की त्याने बरोबरी केली. आजही त्याला तसंच वाटतं, आणि माझ्या बायकोलाही थोडंफार वाटतं. माझं म्हणणं सरळ आहे. मी घेत होतो ती सूट बाजारात सगळ्यांसमोर घेत होतो, नाही म्हणायची त्याला दर वर्षी मुभा होती. त्याने माझी गंमत बघितली, ती दारात बसवून, चहा पाजून. दोन्हींना एकाच मापाने मोजणारा माणूस माझ्या घरी जेवायला बसू शकत नाही. तो बसलेलाही नाही.

पण त्या संध्याकाळी भांडायला वेळ नव्हता. नवमीपर्यंत मधला एकच दिवस हातात होता आणि माझ्याकडे फूल नव्हतं. मी मखमलाबादला गेलो. बाईंचं वावर खणखणीत कोरडं, पानावर धूळ.

त्यांनी माझ्या चिखलाने भरलेल्या चपलांकडे बघितलं. "शेठ, तुमचा पाऊस पडून गेला वाटतं."

"रक्कम सांगा."

"अर्धं वावर दिलं मी. तुमच्या वरच्या ओट्यावाले आत्ताच येऊन गेले. आडगावला ढग दिसला आणि ते इकडं आले. ते न भांडता घेतात."

"उरलेलं मला द्या."

"देते. पाऊस कोणाचा?"

"आता इकडे पडत नाही तो."

"हे जरा मोठ्यानं म्हणा. आत घरात सून आहे, तिला ऐकू गेलं नसेल."

मी मोठ्याने म्हणालो. आत कोणीतरी हसलं. त्यांनी सांगितली ती रक्कम मी मान्य केली, आयुष्यात पहिल्यांदा एका शब्दात. त्या हसण्यासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही, पण फूल एक नंबर होतं.

अर्ध्या वावरात सगळ्या सातपूरच्या माळा होत नाहीत. ओवणाऱ्या बायका म्हणाल्या, विरळ ओवू या, सगळ्यांना पुरतील. मी नाही म्हणालो. विरळ माळ लेथच्या गळ्यात म्हाताऱ्याच्या दातांसारखी दिसते, आणि ती बघून मालक पुढच्या वर्षी हमखास दुसऱ्याकडे जातो. म्हणजे सगळेच जाणार. मी मोठे कारखाने धरले आणि छोट्या शेडना निरोप धाडला की फुलं गेली. बाजारात कोणालाही विचारा, दुसरा काही हिशेब निघत नाही. नवमीच्या सकाळी मी मोठ्या फाटकांवर माळा उतरवत होतो तेव्हा पलीकडच्या गल्लीत वरच्या ओट्यावाल्याचा टेम्पो शेडमागून शेड घेत चालला होता.

पुढच्या वर्षी पितृपक्षात मी छोट्या गल्लीत परत गेलो. ज्याने पहिली ऑर्डर दिली होती त्याच्याकडेच आधी गेलो. तोवर त्याच्या शेडमध्ये तीन लेथ झाले होते आणि बाहेर पत्रा वाढवून आणखी जागा केली होती. मी म्हणालो, गेल्या वर्षी सगळ्यांत घट्ट माळ तुमच्यासाठीच होती, पाऊस आडवा आला.

"त्यांना सांगून झालंय आता," तो म्हणाला. "गेल्या वर्षी त्यांनी वेळेवर दिलं."

"त्यांच्यापेक्षा कमीत देतो."

"भावाचा प्रश्न नाही हो. तुम्ही आम्हाला सोडून मोठ्या फाटकावर गेलात. आम्ही बघितलं ना."

तेव्हा माझा आवाज चढला. मी त्याला सांगितलं की तो पाऊस कुठून आला ते आधी समजून घे. वारा इकडूनच तिकडे जातो. तुझ्या या पत्र्यावर हात ठेवून बघ, पोळेल. असल्या पत्र्यांवरून, समोरच्या डांबरावरून, मधल्या सगळ्या गच्च्यांवरून तापलेली हवा उठते, तिचा ढग होतो आणि तो जाऊन माझ्या झेंडूवर फुटतो. तुम्ही लोकांनी शेडला शेड जोडत नेली आणि वर मलाच विचारता फुलं कुठे गेली.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग वरच्या पत्र्याकडे बघितलं, नवीन होता, चकाकत होता.

"म्हणजे आडगावचा पाऊस मी पाडला," तो म्हणाला.

"तूही पाडलास."

"बरं झालं की. माझी मावशी राहते तिकडं, तिच्या विहिरीला पाणी आलं म्हणत होती."

एवढं बोलून तो लेथकडे वळला आणि बटण दाबलं. मी पुढे बरंच काही बोललो, पण लोखंड कातण्याच्या आवाजात मला माझंसुद्धा ऐकू आलं नाही. बाहेर आलो तेव्हा गाडीची सीट इतकी तापली होती की बसवेना. मी शेजारच्या शेडकडे चालत गेलो. तिथलाही माणूस मला बघून आत गेला.