झिजलेली पायरी

स्टुटगार्टहून ऱ्हाइन ओलांडून सासूबाईंना फ्रान्समधल्या एका लहानशा शहराचा जुना भाग दाखवायला नेलं होतं. गल्ल्या फिरून चर्चपाशी आलो, तर त्यांनी दाराशी चपला काढल्या.

“अहो आई, इथे नाही काढत!” मी वैतागलो.

त्या अनवाणी पायरीवर थबकल्या. “जावईबापू, बूट काढून इथे उभे राहा बघू.”

नाइलाजाने बूट काढून उभा राहिलो. दगडात खोलगट खळगा पडला होता. माझं पाऊल त्यात अलगद बसलं. कारखान्यात मी सुट्या भागांची झीज मोजतो; केसभर दिसली तरी भाग बाद करतो. इथे शेकडो वर्षांच्या पावलांनी दगड झिजवला होता.

बूट हातात घेऊनच मी आत गेलो.