ताईचं पुढे काय, हे कुणी पाहिलं नाही

दाजींचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. “वैशाली गेली,” एवढंच ते म्हणाले. तिच्या यकृतात गाठ असल्याचं कळलं, तेव्हाच ती ऑपरेशनच्या पलीकडे गेली होती. माझी थोरली बहीण, पंचेचाळिशीही न गाठलेली. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, हळूहळू निवळेल. दुःखाचं ठाऊक नाही, राग मात्र निवळत नाही.

ताई सायखेड्याहून लग्न होऊन मखमलाबादला गेली. सासरी झेंडू आणि शेवंतीची शेती. वर्षभरात ती स्कूटी शिकली आणि मागे फुलांचे क्रेट बांधून स्वतः बाजार गाठायला लागली. हार ओवता ओवता ती अख्ख्या भावकीच्या नकला करायची. ज्याची नक्कल चालली आहे तोही समोर बसून हसायचा. लेकीच्या, पल्लवीच्या वेळी दिवस गेले तेव्हा रक्ततपासणीत हिपॅटायटीस बी निघाला. बाळ जन्मल्याबरोबर त्याला लशी दिल्या, पल्लवी सुखरूप राहिली. ते काम चोख झालं, नाही म्हणत नाही. पण ताईला काय सांगितलं? “तुम्ही नुसत्या वाहक आहात. तुम्हाला काही होत नाही.” झालं. फाईल बंद.

घरी मात्र तिचं ताट वेगळं झालं, कप वेगळा झाला. हा आजार रक्तातून पसरतो, शरीरसंबंधातून पसरतो, बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. एका ताटात जेवल्यानं होत नाही, हे समजावून सांगायला कुणाला वेळ नव्हता. ताई सुरुवातीला हसण्यावारी न्यायची. “बरंय गं, माझा कप कुणी पळवत नाही.” पण एकदा रांगत आलेल्या पल्लवीनं तिच्या ताटातला भात उचलला आणि सासूबाईंनी पोरीच्या तोंडात बोट घालून तो काढला. त्या दिवशी ताई माझ्याकडे येऊन रडली. सगळ्या घराला भीती होती ती तिच्यापासून आपल्याला काही होईल याची. तिला काय होईल, याची भीती कुणालाच वाटली नाही.

तिला स्वतःला वाटायची. अधूनमधून थकवा यायला लागला तेव्हा मीच तिला शहरातल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिनं सरळ विचारलं, “डॉक्टर, मला पुढे काय होईल?” ते स्क्रीनवरून नजर न उचलता म्हणाले, “रिपोर्ट नॉर्मल आहे. पुढचं कोण सांगणार?” आमची आई पोट फुगून, डोळे पिवळे पडून गेली होती. गावात सगळे त्याला कावीळ म्हणायचे, आम्हीही म्हणायचो. त्या डॉक्टरांनी आईबद्दल एक प्रश्नसुद्धा विचारला नाही.

तो प्रश्न विचारला शेवटच्या डॉक्टरांनी, गाठ निघाल्यावर. मी सांगितलं.  ते म्हणाले, “बहुधा आजार आईकडूनच आलाय. अशांना धोका जास्त असतो. वय, रक्तातला विषाणू किती, यकृत किती कडक झालंय, घरात कुणाला होतं, यावरून पुढचा बराचसा अंदाज येतो. खात्री देता येत नाही, पण कुणावर नजर ठेवायची ते कळतं. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी झाली असती तर कदाचित गाठ लहान असताना सापडली असती.” कॉटवर पडलेली ताई हळूच म्हणाली, “म्हणजे सांगता येत होतं.” डॉक्टरांनी मान खाली घातली. निदान त्यांनी तेवढं तरी केलं.

दहाव्याला ताईच्या सासूबाई मला जवळ घेऊन म्हणाल्या, “तिचा भोग व्हता, पोरी.” माझा ताबा सुटला. म्हटलं, “भोग नव्हता, मावशी. एवढी वर्षं तुम्ही तिचं ताट वेगळं ठेवलंत, तिला तपासणीला एकदा तरी नेलंत का?” त्यांचा चेहरा पडला. “आम्हाला कुनी सांगितलं व्हतं का?” त्या म्हणाल्या. “वेगळं ठेवाया पन कुनी सांगितलं नव्हतं. भ्यालो म्हणून ठिवलं.” सांगायला हवं होतं ते ज्यांना ठाऊक होतं त्यांनी.

त्याच आठवड्यात मी माझं रक्त तपासून घेतलं. मलाही आहे. बहिणीच्या मरणामुळे मला माझा आजार कळला, या गोष्टीचा राग कुणावर काढायचा ते मला अजून उमगलेलं नाही. मी गोळी सुरू केली आहे, पहिली सोनोग्राफीही झाली.

फुलं विकून झाली की दुपारी ताईचा फोन यायचा. “काय केलंस गं आज?” एवढंच विचारायला. सोनोग्राफी करून बाहेर आले तेव्हा दुपारच होती. जिन्यात उभी राहून मी सवयीनं तिचा नंबर लावला. फोन दाजींकडे आहे, हे वाजायला लागल्यावर लक्षात आलं. पल्लवीनं उचलला. “मावशी?”

“काही नाही गं,” मी म्हटलं. “माझा रिपोर्ट चांगला आला, ते सांगायचं होतं.”