भासऱ्याची मोटर आन माहं तोंड

बायांनो, होळीनंतर तलावात मोटर टाकाची नाई, पाणी फक्त ढोराईले, हे आपल्या गावानंच ठरवलं ना? आज राखण माह्याकडे होती. तलावात मोटर दिसली. पाइपाच्या मांगं मांगं गेली, तं माह्या नवऱ्याचे मोठे भाऊ संत्र्याले पाणी देऊन राहिले!

भासऱ्यासंग बोलाचं नाई, ही आमच्या घरची रीत. म्या डोक्यावर पदर घेतला आन त्याईच्या म्हशीले म्हटलं, "काय वं, तलाव आटला तं मिरगापर्यंत काय पेशीन? संत्र्याचा रस?"

तेबी म्हशीलेच म्हणे, "सांग तिले, आजच्या दिवस घेतो."

"म्हशी, इचार त्याईले, गाव बोलावू काय?"

गुपचाप काढली मोटर.

आता सासूबाई फुगून बसल्या, म्हणे भासऱ्याले उलटून बोलली. तुमीच सांगा, मी बोलली काय त्याईले?