पक्कं होईपर्यंत

बायकोला काय झालंय हे डॉक्टरांनी सांगायच्या आधीच मला कळलं होतं. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

माझं काम मेडिकल कोडिंगचं. परदेशातल्या पेशंटचे कागद वाचायचे आणि प्रत्येक आजाराला ठरलेला कोड लावायचा. माझ्याकडे गाठी आणि कॅन्सर. नव्या पोरांना मीच शिकवतो, ओपीडीच्या कागदावर डॉक्टरांनी 'शक्यता' किंवा 'संशय' लिहिलं असेल तर कॅन्सरचा कोड लावायचा नाही. पक्कं होईपर्यंत ती नुसती गाठ. लावला, की ऑडिटवाले चूक धरतात.

तिचं पोट सारखं दुखायचं म्हणून निगडीला स्कॅन केला. मोशीच्या घरी ती बाल्कनीत मेथी निवडत होती, मी शेजारी बसून रिपोर्ट वाचला. स्वादुपिंडात गाठ, यकृतावर डाग, पसरल्याची शक्यता. असली वाक्यं मी रोज वाचतो. पुढचे कागद काय येतात, मला ठाऊक होतं.

"काय म्हणतोय रिपोर्ट?"

"गाठ आहे. तुकडा काढून तपासतील, मग कळेल."

"ते झालंच हो. तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? पक्कं झाल्याशिवाय कसं बोलायचं?"

"बरं साहेब. हापिस सुटलं की सांगा." ती हसली. "मग तोवर माहेरी, गुहागरला जाऊन येऊ या का? आईच्या हातचे घावन खावेसे वाटतायत."

"रिपोर्ट येऊ दे. मग निवांत जाऊ."

निवांतपणा येणार नव्हता. नियम मी नुसता पुढे केला. ती आईच्या गळ्यात पडली असती, तर सगळं खरं झालं असतं. मला ती अजून थोडे दिवस तशीच हवी होती, बोलता बोलता मेथीच्या काड्या माझ्या अंगावर टाकणारी.

रिपोर्ट आला, केमो सुरू झाली. घाट उतरून जाण्याइतकी ती पुन्हा सावरलीच नाही. सासूबाई इकडे आल्या तेव्हा तिचं बोलणं थांबलं होतं.

"पायावर उभी होती तेव्हा का नाय आणलीत तिला?"

"तेव्हा आम्हालाच माहीत नव्हतं."

"मग तुमचा काय दोष," म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

ती गेल्यापासून घर इतकं गप्प असतं, की तिनं आतून नुसतं 'अहो' म्हणावं म्हणून जीव तुटतो. सासूबाई परत गुहागरला गेल्या. फोनवर मी तब्येत विचारतो आणि ठेवून देतो. मला माहीत होतं, तरी तुमच्या लेकीला आणलं नाही, एवढं त्यांच्यासमोर बसून सांगणं माझ्याकडे बाकी आहे.